अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

दुकानातून नवा प्लग आणला, खोक्यातून काढला, पान्याने आवळला, वर टोपी बसवली आणि गाडी सुरू झाली. मग आता त्याच्या दोन टोकांमधला गॅप कशाला बघायचा? कंपनीने बघूनच दिला असेल ना? जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर हौसेने घेतलेला मालक हे हमखास विचारतो, आणि त्याचं विचारणं रास्त आहे. कंपनीने गॅप बघूनच दिलेला असतो. पण तो प्लग शेवटी कुठल्या गाडीत जाणार, हे कंपनीला कुठून ठाऊक असणार? १४ मिलिमीटर आट्यांचा तोच प्लग चाळीस वर्षांपूर्वीच्या फियाटमध्ये बसतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीतही बसतो. खोक्यातला गॅप बहुधा या दुसऱ्या गाडीच्या सोयीने ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवलेला असतो. काही प्लग तर १.१ चे येतात. फियाटच्या पुस्तकातला आकडा आहे ०.५ ते ०.६ मिलिमीटर. ॲम्बेसेडरचं जुनं इंजिन इंचांच्या जगातलं, त्याचा आकडा इंचाचे २५ हजारांश, म्हणजे मिस्त्रींच्या बोलीत २५ थाऊ. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.६३ च्या जवळपास.

फरक पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. पण प्लगचा गॅप हा खरं तर प्लगचा नसतोच, तो त्या गाडीच्या कॉइलचा आणि सिलिंडरमधल्या दाबाचा असतो. कॉइल किती जोर लावू शकते आणि सिलिंडर किती अडवतो, या दोघांच्या मध्ये जो आकडा बसतो तो पुस्तकात छापलेला असतो. म्हणून आधी कॉइल काय करते ते बघू, पाना नंतर हातात घेऊ.

त्याआधी गाडीबद्दल थोडं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी बनवली. तिचंच पुढचं रूप १९६० च्या दशकात 'डिलाइट' म्हणून आणि १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून रस्त्यावर आलं. नाव बदललं तरी लोक शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ती ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तरी खासगी मालकांकडे अजून बऱ्याच पद्मिनी आहेत आणि रविवारी सकाळी त्यांतल्या काही बाहेरही पडतात. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. हे ॲल्युमिनियमचं हेड ध्यानात ठेवा, प्लग काढताना ते आडवं येतं. ॲम्बेसेडर ही बंगालमधल्या उत्तरपाड्याची, मॉरिस ऑक्सफर्डची लेक. जुन्या ॲम्बेसेडरचं इंजिन १४८९ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतलं. दोघींचं घराणं वेगळं, स्वभावही वेगळा. पण ठिणगी पाडायची रीत मात्र दोघींची एकच: अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने बसवून दिलेली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये पहिल्यांदा विकली गेलेली.

ही रीत कमालीची साधी आहे. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याचे दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, काही शे फेऱ्यांचा. दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा. बॅटरीचे १२ व्होल्ट जाड वेढ्यातून जातात, तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकक्षेत्र साठतं. डिस्ट्रिब्युटरमधला कॅम फिरतो, पॉइंट हा छोटा स्विच उघडतो, प्रवाह तुटतो. वाहत्या पाण्याचा नळ फटकन बंद केला की पाइप दणकतो, तसा इथे विजेचा दणका बसतो. कोसळणारं चुंबकक्षेत्र बारीक वेढ्यात हजारो व्होल्ट उभे करतं आणि ते जाड काळ्या वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या मध्यभागी, तिथून रोटरवाटे पाळी असलेल्या सिलिंडरच्या प्लगकडे जातात. प्रवाह खरोखर फटकन तुटावा, पॉइंटवरच ठिणगी पडून वीज वाया जाऊ नये, म्हणून बाजूला बोटभर कंडेन्सर लावलेला असतो. एवढाच संसार. त्यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सर.

या साधेपणाची किंमत वेगात मोजावी लागते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ८००० ठिणग्या झाल्या, म्हणजे सेकंदाला १३३. एकेका ठिणगीच्या वाट्याला साडेसात मिलिसेकंद येतात. त्यांतला तिसरा हिस्सा पॉइंट उघडा असतो. कॉइलला भरायला उरतात जेमतेम पाच मिलिसेकंद. हळू चालताना कॉइल पोटभर जेवते, पळताना तिचं अर्धवट होतं. धडधाकट जुनी कॉइल वीसेक हजार व्होल्ट देऊ शकते असं धरा. ती तापलेली असेल, बॅटरी उतरलेली असेल, पॉइंट काळे पडलेले असतील, तर त्यातून आणखी वजावट.

आता समोरची बाजू. प्लगच्या दोन टोकांमधल्या हवेतून वीज जात नाही. तिला आधी फोडावं लागतं. उघड्या हवेत मिलिमीटरभर फट फोडायला ढोबळमानाने तीन हजार व्होल्ट लागतात. ०.६ मिलिमीटरला मग दोन-अडीच हजारांत भागतं. पण प्लग उघड्या हवेत काम करत नाही. पिस्टनने पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबून सात-आठ पट लहान जागेत कोंबलेलं असतं. रेणू दाटीवाटीने असले की इलेक्ट्रॉनला धाव घ्यायला मोकळी जागा मिळत नाही, म्हणून जास्त व्होल्ट लावावे लागतात. १८८९ मध्ये फ्रीडरिख पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने हे प्रयोगाने मांडलं: फट फोडायचे व्होल्ट हे वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतात. मोटारीच्या इंजिनापुरतं बघायचं तर फट वाढवा किंवा दाब वाढवा, व्होल्टची मागणी त्या मानाने चढतेच. तीच ०.६ ची फट भरल्या सिलिंडरमध्ये दहा-बारा हजार मागते. फट एक मिलिमीटर केली की हा आकडा कॉइलच्या ताकदीच्या अंगावर यायला लागतो.

गॅरेजातली एक आवडती परीक्षा इथेच फसते. प्लग काढून इंजिनाच्या अंगावर टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि ठिणगी बघायची. निळी ठिणगी कडकडली की मिस्त्री समाधानाने मान डोलावतो. पण बाहेर दोन हजारांत पडणारी ठिणगी आत दहा हजारांत पडेलच असं तिने कुठे कबूल केलंय? ही परीक्षा प्लग साफ मेलेला आहे का, एवढंच सांगते. त्यापेक्षा कॉइलची वायर इन्सुलेशनच्या पकडीने धरून तिचं टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटर लांब ठेवायचं आणि तिथे ठिणगी उडते का ते बघायचं. लांब फट हीच तिथे दाबाची बदली असते.

गॅप मोठा झाल्याची खूण त्यामुळे फार ओळखीची आहे. गाडी घरापुढे छान चालू होते. ताशी ५० ने सपाटीला गोड पळते. खंडाळ्याचा चढ लागला, ॲक्सिलरेटर तळाला गेला की धक्के द्यायला लागते, 'मिसिंग' करते. पाय थोडा सोडला की पुन्हा ठीक. अशा वेळी पहिला संशय पेट्रोलवर जातो. पंप उघडतात, कार्बुरेटर उघडतात, जेटमध्ये फुंकर मारतात, आणि प्लगकडे सगळ्यात शेवटी बघतात. खरं तर जे घडतंय ते वरच्याच गणितात आहे. थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर गच्च भरतो, दाब सगळ्यात जास्त होतो, फट फोडायचे व्होल्टही सगळ्यात जास्त लागतात. कॉइल कमी पडली की ती एक पाळी वाया जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरवाटे बाहेर पडतं.

पावसाळ्यात याची आणखी एक तऱ्हा दिसते. विजेला प्लगची फट महाग पडली की ती दुसरी वाट शोधते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला आतून दमटपणा चढलेला असतो, एखाद्या वायरीचं रबर तडकलेलं असतं. तिथून ती निसटते. टोपीच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर समजावं की वीज इथून जात होती. ती रेघ म्हणजे जळून तयार झालेला कोळसा, आणि कोळशातून वीज आणखी सुखाने जाते. अशी टोपी पुसून उपयोग नाही, बदलावी लागते. पण टोपी बदलून मोठा गॅप तसाच ठेवला तर नव्या टोपीवरही तोच भार पडत राहतो.

मग गॅप लहानच ठेवला तर? ०.३ ठेवा, ठिणगी कधी चुकणार नाही. ठिणगी चुकणार नाही हे खरं, पण ठिणगी पडणं आणि मिश्रण पेटणं या दोन गोष्टी आहेत. ठिणगीतून आधी टाचणीच्या डोक्याएवढा ज्वाळेचा गोळा जन्मतो. तो वाढला तर पुढचं सगळं पेटतं. त्याच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोडचा तुलनेने थंड धातू असतो आणि तो गोळ्याची उष्णता खेचून घेतो. फट अरुंद असेल तर गोळा जन्मतानाच विझतो. एरवी योग्य प्रमाणातलं मिश्रण पेटवायला मिलीज्यूलच्या पाचव्या हिश्शाइतकी ऊर्जाही पुरते. कॉइल त्याच्या शंभरपट देत असते. तरीही चुका होतात, कारण प्लगच्या फटीत त्या क्षणी आलेलं मिश्रण नेहमी योग्य प्रमाणातलं नसतं. इंजिन आयडलिंगला असताना थ्रॉटल जवळपास बंद असतो, नवं मिश्रण थोडं येतं आणि आधीच्या फेरीचा जळका धूर आत बराच राहिलेला असतो. असं भेसळीचं मिश्रण पेटवायला लांब ठिणगी हवी. म्हणून गॅप लहान असलेली गाडी चढावर तक्रार करत नाही. सिग्नलला उभी असताना थरथरते, पाय सोडला की बंद पडायला बघते. शिवाय अरुंद फटीत काजळीचा एखादा कण अडकला की प्लग तिथल्या तिथे मरतो. टू-स्ट्रोक स्कूटर वापरलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. डिकीत प्लगपाना आणि काचपेपरचा तुकडा असायचाच.

थोडक्यात, चढावर रडली तर गॅप मोठा आणि सिग्नलला रडली तर गॅप लहान, असा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही. अंदाजच, निकाल नव्हे. व्हॉल्व्ह, टायमिंग, कार्बुरेटर हेही तिथे बोट दाखवतात. पण प्लग बघायला पंधरा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत, तर सुरुवात तिथून का करू नये?

आता मोठ्या गॅपच्या गाड्या आल्या कुठून? अमेरिकेत १९७० च्या दशकात धुराचे कायदे कडक झाले. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं पातळ मिश्रण जाळायची वेळ आली. पातळ मिश्रणाला लांब ठिणगी लागते, लांब ठिणगीला जास्त व्होल्ट, आणि ते पॉइंटच्या आवाक्याबाहेरचं होतं. जनरल मोटर्सने १९७५ च्या गाड्यांत पॉइंट काढून टाकून 'हाय एनर्जी इग्निशन' सरसकट बसवलं. शेव्हरलेच्या ज्या इंजिनांना आदल्या वर्षी ३५ थाऊचा गॅप होता, त्यांना तो एकदम ६० थाऊ झाला, म्हणजे दीड मिलिमीटर. पुढे बऱ्याच इंजिनांत त्यांनी तो ४५ थाऊवर आणला. दीड मिलिमीटर पेलणारी कॉइल होती, तरी टोप्या, रोटर आणि वायरींवर ताण येत होता. सांगायचं इतकंच की गॅप वाढला तो कॉइल वाढल्यावर. पद्मिनीच्या मालकाने फक्त प्लग आजचा घेतला आणि कॉइल कालचीच ठेवली, तर तो या गोष्टीचं एकच पान फाडून आणल्यासारखं होतं.

आता पाना हातात घेऊ. इंजिन पूर्ण गार झालेलं हवं. ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग गरम असताना काढायला गेलं की आटे सोलून निघायची भीती असते, आणि तसं झालं तर पंधरा मिनिटांचं काम आठवड्याचं होतं. वायरी काढण्याआधी त्यांना १ ते ४ आकड्यांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात. जळण्याचा क्रम १-३-४-२ आहे हे पाठ असलं तरी. वायर ओढताना टोपीला धरून ओढायची, तारेला धरून नव्हे. प्लगच्या खळग्यात साचलेली माती फुंकून किंवा ब्रशने काढायची, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते.

निघालेले चारही प्लग क्रमाने फडक्यावर मांडा आणि आधी नुसते बघा. मधल्या चिनीमातीच्या नाकाचा रंग मारी बिस्किटासारखा असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय. कोरडी मखमली काजळी म्हणजे मिश्रण घट्ट, चोक अडकलेला, किंवा नुसतीच गावातली फिरती. ओली, चकचकीत काळी पुटं म्हणजे ऑइल वर येतंय. त्याला गॅपचं औषध नाही. पांढरंफटक नाक, त्यावर बारीक फोड असतील तर तिथे उष्णता फार आहे. जुनी पुस्तकं वाचून रंग लावताना एक फरक ध्यानात घ्यावा: ती शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहेत. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं आणि त्याचे रंग फिके, कमी बोलके असतात. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दुखणं त्याच सिलिंडरचं. चारही सारखेच काळे असतील तर कार्बुरेटरकडे बघा.

साफ करायला मऊ पितळी ब्रश आणि थोडं पेट्रोल पुरतं. काही गॅरेजांत रेती मारून प्लग साफ करायचं यंत्र असायचं. प्लग चकाचक होऊन निघायचा खरा, पण चिनीमातीच्या खोबणीत रेतीचे दाणे अडकून राहायचे आणि पुढे सिलिंडरमध्ये उतरायचे. मला ते यंत्र कधीच आवडलं नाही. लोखंडी ब्रशही नको. चिनीमातीवर धातूची रेघ उमटते आणि त्या रेघेवरून वीज गळते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. वापरलेल्या प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. ठिणगीला टोकदार कड आवडते. धारेपाशी विजेचा जोर एकवटतो आणि फट कमी व्होल्टमध्ये फुटते. बारीक सपाट कानस फटीत घालून दोन्ही बाजू अलगद घासून सपाट केल्या की तोच गॅप असूनही प्लग हलका चालतो. दुसरं म्हणजे, बाजूच्या इलेक्ट्रोडला आतून खळगा पडलेला असतो. फिलर गेजची सपाट पट्टी खळग्यात उतरत नाही, ती काठांवर टेकते, पट्टी ०.६ सांगते आणि ठिणगीला प्रत्यक्षात ०.७ ओलांडावे लागतात. म्हणून वापरलेल्या प्लगला गोल तारेचा गेज चांगला. तो नसेल तर आधी घासून सपाट करा, मग पट्टी लावा. प्लॅटिनम किंवा इरिडियमच्या सुईसारख्या टोकाच्या प्लगला मात्र कानस लावायची नाही आणि त्यात काही घालून रेटायचंही नाही. जुन्या गाडीला ते लागतही नाहीत. साधा निकेलचा प्लग घ्यावा आणि वेळच्या वेळी बदलावा.

गॅप करायचा तो बाजूच्या इलेक्ट्रोडला वाकवून. गेजच्या संचात एक खाच असलेली पट्टी असते, तिने त्याला वर उचलायचं. स्क्रूड्रायव्हर मधे घालून मधल्या इलेक्ट्रोडवर जोर देऊन उघडायचा मोह होतो. तिथेच चिनीमातीला केसाएवढी चीर जाते. ती बाहेरून दिसत नाही आणि नंतर महिनाभर माणूस कार्बुरेटर उघडत बसतो. कमी करायचा असेल तर प्लग उलटा धरून बाजूचा इलेक्ट्रोड लाकडावर हलके ठोकायचा. वाकवलेला धातू थोडा मागे येतो, म्हणून एका दमात जमत नाही. ठोका, मोजा, परत ठोका. पट्टी तेलकट असेल तर पुसून घ्या. ०.५५ ची पट्टी हलक्या ओढीने सरकली पाहिजे, ०.६५ ची आत जाताच कामा नये. ०.६ ची जाते की नाही यावर वाद घालण्यापेक्षा या दोन पट्ट्यांमध्ये प्लग पकडणं सोपं पडतं. शेवटी प्लग डोळ्यासमोर आडवा धरून बघा. दोन्ही टोकं समांतर हवीत आणि बाजूचं टोक बरोबर मधल्याच्या डोक्यावर हवं.

रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे गेज नसायचा. तो हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा काढायचा, फटीत सरकवायचा आणि 'झालं' म्हणायचा. यावर हसायचं कारण नाही. हाताच्या हॅक्सॉच्या नेहमीच्या ब्लेडची जाडी असते २५ थाऊ. ॲम्बेसेडरचा पुस्तकातला गॅप तोच. मिस्त्रीने पुस्तक वाचलेलं नसेल, पण गेज त्याच्या खिशात होता. फक्त ब्लेडची पाठ वापरायची. दातांची बाजू कापताना जागा मिळावी म्हणून आलटूनपालटून वाकवलेली असते, तिने मोजलं तर आकडा फुगतो. फियाटला हे ब्लेड किंचित जास्त होतं, पण खोक्यातल्या ०.८ पेक्षा ते कितीतरी जवळचं. तिरक्या कडेच्या नाण्यासारखा गेज मिळतो, त्याच्यापेक्षा मला ब्लेड बरं वाटतं. नाण्याची कड फटीत फिरवताना ती नकळत पाचरीसारखी घुसते आणि मोजता मोजताच गॅप वाढवून ठेवते.

बसवताना प्लग आधी बोटांनीच पूर्ण फिरवायचा. आटे वाकडे धरले असतील तर बोटांना लगेच कळतं, पान्याला कळत नाही. नवा प्लग वॉशर टेकल्यावर साधारण अर्धा फेरा आवळायचा; वापरलेल्या प्लगचा वॉशर आधीच चेपलेला असतो, त्याला फेऱ्याचा बारावा हिस्साही पुरतो. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियमच्या हेडला २५ ते ३० न्यूटन-मीटर. प्लगचा नंबर मात्र पुस्तकाप्रमाणेच घ्या, कारण गॅप हाताने बदलता येतो, प्लगची उष्णता सोसायची जात बदलता येत नाही. त्यातही आकड्यांचा गोंधळ आहे. बॉशच्या, आणि म्हणून आपल्याकडच्या मायकोच्या, जुन्या पद्धतीत डब्ल्यू १४५, डब्ल्यू १७५ असे आकडे असत आणि आकडा मोठा तितका प्लग थंड. नव्या पद्धतीत त्यांचे डब्ल्यू ८, डब्ल्यू ७ झाले आणि आकडा मोठा तितका प्लग गरम. जपानी एनजीकेमध्ये परत मोठा आकडा थंड. दुकानदाराने 'एक नंबर वरचा देतो' म्हटलं तर आधी कंपनी कोणती ते विचारावं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी जुन्या ब्रिटिश गाड्यांत हमखास सापडते. प्लगचं मधलं टोक ऋण असावं लागतं. ते बाजूच्या टोकापेक्षा जास्त तापतं, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन लवकर सुटतात. कॉइलच्या दोन बारीक वायरी उलट्या लागल्या की ठिणगीला थंड टोकाकडून निघावं लागतं आणि तेवढाच गॅप फोडायला पंधरा-वीस टक्के तरी जास्त व्होल्ट लागतात. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असायचं. पुढे कुणीतरी रेडिओ किंवा अल्टरनेटर बसवताना ते उलटं करतं आणि कॉइलच्या वायरी तशाच राहतात. ओळखायला पेन्सिल पुरते. प्लगची वायर प्लगपासून जराशी दूर धरायची, अर्थात इन्सुलेटेड पकडीने, आणि ठिणगीच्या वाटेत पेन्सिलीचं शिसं आणायचं. केशरी झळक प्लगच्या बाजूला फुलली तर ठीक. वायरीच्या बाजूला फुलली तर कॉइलवरच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

प्लगला हात लावल्यावर पॉइंटचा गॅपही त्याच बैठकीत बघून घ्यावा. फियाटला तो साधारण ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर आणि ॲम्बेसेडरला १४ ते १६ थाऊ. पॉइंट जास्त उघडत असतील तर ते बंद राहण्याचा वेळ कमी होतो, मघाच्या पाच मिलिसेकंदांतून कपात होते आणि कॉइल अशक्त पडते. मग नेमका लावलेला प्लगचा गॅपही तिला जड जातो. पॉइंटला हात लागला की टायमिंगही हलतं, ते परत बघावं लागतं. या क्रमात आधी पॉइंट, मग टायमिंग आणि सगळ्यात शेवटी कार्बुरेटर. उलट गेलं तर पहिल्याने केलेलं दुसरं बिघडवतं.

झीज किती होते? साध्या निकेलच्या प्लगचा गॅप हजार किलोमीटरला मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास वाढतो. दहा हजारांत ०.१ झाला. म्हणून जुन्या गाडीत पाच हजारांना गॅप बघायचा आणि दहा-पंधरा हजारांत प्लग बदलायचा हा रिवाज. नवा प्लग ०.६ ऐवजी ०.५५ वर लावला तर झिजायला थोडी मोकळीक राहते. मी तसं करतो. पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही इथे संबंध आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बुरेटरच्या जेटमधून जाणारं मिश्रण पातळ पडतं. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो, सोलेक्स कार्बुरेटरला ते जमत नाही. पातळ मिश्रण पेटवायला कठीण, म्हणून कुणी गॅप वाढवून बघतो; कॉइल तीच असेल तर उपाय जेटमध्ये शोधावा.

आता पॉइंटच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक संच मिळतात. टोपीखाली मावतात, बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते. ते बसवले म्हणून गॅप लगेच वाढवता येतो का? नुसता पॉइंट गेला आणि कॉइल जुनीच राहिली तर फार नाही. वेग वाढल्यावरही ठिणगी चुकत नाही आणि पॉइंट झिजायचे थांबतात, एवढा लाभ. सोबत जोरदार कॉइल बसवली, टोपी, रोटर आणि वायरी नव्या घातल्या, तर ०.७, पुढे ०.८ पर्यंत जाऊन बघता येतं. एका वेळी अर्धा दशांश वाढवायचा, आयडलिंग ऐकायचं, मग घाटात पूर्ण थ्रॉटलवर न्यायची. चढावर पहिला झटका बसला की तिथून एक पायरी मागे यायचं आणि तो आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवायचा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला खोक्यातल्या गॅपवर भरवसा ठेवावा लागणार नाही.